ओल्या अंथरुणाला भिणारा ड्यूक

आमच्या खानापुरात जुलैत वाकळ काय वाळत नाही, चुलीवरच्या दोरीला टाकली तरी कुबट वास येतोच, आणि अशाच एका रात्री मोबाईलवर वाचत पडलो होतो तेव्हा हा गडी सापडला. थॉमस पेलहॅम-होल्स, ड्यूक ऑफ न्यूकॅसल, जन्म 1693 चा. इंग्लंडचा दोनदा पंतप्रधान झालेला माणूस, पण अंथरूण दमट असेल या भीतीनं जीव मुठीत. 1760 ला राजा दुसरा जॉर्ज गेला तर अंत्यविधीत थंडगार फरशी पायाला लागू नये म्हणून साहेब चक्क राजपुत्राच्या मागं लोळणाऱ्या झग्यावर उभे, असं त्या काळचा लेखक होरेस वॉलपोल यानं लिहून ठेवलंय. (वॉलपोल खवचट होता, थोडं तिखटमीठ धरूनच वाचा.)

हसलो खरा, पण नंतर त्याचं खरं काम वाचलं आणि आमचे काका आठवले.

ह्या ड्यूकचं काम म्हणजे वशिला. 1724 पासून 30 वर्षं मंत्री, मग पंतप्रधान, आणि सगळा वेळ पत्रं लिहिण्यात. बंदरावरच्या कस्टमच्या शिपायापासून बिशपपर्यंत कुणाला कुठं चिकटवायचं, कुणाच्या मेव्हण्याला पलटणीत घ्यायचं, हे सगळं याच्या हातात. बदल्यात काय, तर मतं. तेव्हा मतदान गुप्त नव्हतं, ते 1872 ला झालं, त्यामुळं कुळानं मत कुणाला दिलं ते मालकाला तिथंच कळायचं. ओल्ड सॅरम म्हणून एक मतदारसंघ होता (तो याचा नव्हे), तिथं वस्तीच नाही, नुसतं माळरान, आणि खासदार दोन! 1832 पर्यंत चाललं हे.

मला वाटलेलं भरपूर खाल्लं असणार यानं. तर उलटंच की. निवडणुका आणि जेवणावळींत स्वतःचेच पैसे घातले, कर्जापायी जमिनी विकायची पाळी आली, आणि 1762 ला पद सोडताना पेन्शन देत होते तीही नको म्हणाला. म्हणजे हाव होती ती पैशाची नव्हे, दारात माणसं उभी असावीत याची. पुढच्या सरकारनं याची माणसं शोधून शोधून काढली, अगदी खालचे कारकूनसुद्धा, आणि ज्यांना यानं बिशप केलं त्यातल्या बऱ्याच जणांनी पाठ फिरवली.

आमच्या काकांना नोकरी लागली ती अशाच एका पुढाऱ्याच्या चिठ्ठीवर. नाव नको. वाड्यावर सकाळी सातला रांग, प्रत्येकाच्या हातात नारळ, आणि साहेब झोपाळ्यावर बसून लेटरपॅडवर खरडायचे. पुढं निवडणूक हरले, रांग आपोआप संपली. काका मात्र दर दिवाळीला कुंदा घेऊन जायचे, एकदा मलाही नेलं. साहेबांनी चहा यायच्या आधीच विचारलं, "काय काम हाय काय रे कुणाचं? चिठ्ठी देऊ?" मी म्हटलं नको ओ, मी पुण्यात आयटीत आहे. चेहरा उतरला बघा त्यांचा. काकांनी मला चिमटा काढला आणि म्हणाले, "आमच्या शेजारच्या पोराचं हाय की साहेब." साहेब एकदम ताठ बसले, चष्मा शोधला, पॅड मागवलं.

शेजारी पोर नव्हतंच कुणी. ती चिठ्ठी अजून काकांच्या ट्रंकेत आहे, दमट हवेनं शाई पसरलीय.