पंचवटीतल्या वाड्याचं वायफाय, पुढची नोंद: भिंतीला वळसा

मागच्या नोंदीत नुसतं मोजमाप होतं. या वेळी प्रत्यक्ष काम झालंय, आणि माजघरात बसून व्हिडिओ कॉल आता न अडखळता होतो.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. वाडा जुना आहे. खाली ओसरी, माजघर, स्वयंपाकघर आणि वर दोन खोल्या. ओसरी आणि माजघर यांच्यामधली भिंत काळ्या दगडाची, आत पांढरी माती, जाडी दोन फुटांच्या वर. फायबर ओसरीत येतं, राउटरही तिथेच. ५ गिगाहर्ट्झवर भिंतीच्या अलीकडे उणे ४४ डीबीएम (सिग्नलची ताकद; आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल जोरदार) मिळतात आणि भिंतीला लागून पलीकडे उणे ७४. तीस डीबी पडले म्हणजे हजारातला एक भाग उरला. २.४ गिगाहर्ट्झवर तीच भिंत वीसेक डीबी खाते, म्हणजे शंभरातला एक भाग तरी पलीकडे पोचतो. व्हिडिओ कॉल नीट व्हायला उणे ६७च्या आसपास तरी हवेत, म्हणून माजघरात चित्र सारखं गोठायचं.

पावसाळ्यात हे आणखी बिघडतं. भिंत ओल धरते, पाणी रेडिओ लहरी शोषतं, आणि उन्हाळ्यात जिथे उणे ७४ होते तिथेच श्रावणात चार-पाच डीबी आणखी गेलेले दिसले. दगड-मातीच्या घरात राहणाऱ्यांनी मोजमाप पाऊस लागल्यावरच करावं असं माझं ठाम मत आहे. मे महिन्यातल्या आकड्यांवर खरेदी केली तर जुलैत पुन्हा दुकान गाठावं लागतं.

रिपीटर (सिग्नल पकडून पुढे पाठवणारं यंत्र) घ्या, असं अनेकांनी सुचवलं. स्वस्तातला एकच रेडिओ असलेला रिपीटर ऐकतो आणि बोलतो एकाच चॅनेलवर, त्यामुळे वेग निम्म्यावर येतो. शिवाय तो ठेवायचा कुठे? भिंतीच्या पलीकडे ठेवला तर त्याला स्वतःलाच उणे ७४ मिळणार. राउटरची ताकद वाढवूनही भागत नाही, कारण फोनला उत्तर द्यायचं असतं आणि फोनचा आवाज लहानच राहतो. म्हणून ठरवलं की भिंतीतून लहर न्यायची नाही, केबल न्यायची.

भोक पाडण्याला अण्णांचा सक्त विरोध. "पांढरी माती एकदा सुटायला लागली की थांबत नाही बाळा, वर तुळई बसलीय त्या भिंतीवर," असं म्हणाले, आणि त्यांचं म्हणणं रास्त आहे. मार्गही त्यांनीच दाखवला. कोनाड्याच्या आत तळाशी जुन्या लँडलाइनची वायर पलीकडे गेलेली होती. फोन केव्हाच बंद झाला, भोक तसंच होतं. कोनाड्यामागे भिंत निम्मी उरते, त्यामुळे अंतरही कमी. जुन्या वायरीच्या टोकाला नवी केबल चिकटपट्टीनं घट्ट बांधली, अण्णांनी पलीकडून हळूहळू ओढली आणि मी अलीकडून सोडत गेलो. मातीचा कणही पडला नाही.

त्या भोकातून जॅक लावलेली केबल जाणं शक्य नव्हतं, म्हणून कॅट सिक्स (नेटवर्कची केबल) सुटी घेतली आणि जॅक घरीच बसवले. केबल घेताना एक काळजी घ्या. तार ब्लेडनं खरवडून बघा. आतून पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे, ते घेऊ नका. आतपर्यंत लालसर राहिली तरच घ्या. एम. जी. रोडच्या दुकानदारानं तुकडा खरवडू दिला, हे विशेष.

जॅकमधला क्रम दोन्ही टोकांना सारखा ठेवला: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. जोडल्यावर लिंक १०० एमबीपीएसवरच अडकली. गिगाबिटला, म्हणजे १०००ला, चारही जोड्या लागतात, १००ला दोनच पुरतात, त्यामुळे १०० दिसलं की एखादी जोडी टेकलेली नाही असं समजायचं. भिंग धरून बघितलं तर तपकिरी तार जॅकच्या टोकापर्यंत पोचलीच नव्हती. टोक कापून नवा जॅक दाबला आणि १००० आले.

दुसरा ॲक्सेस पॉइंट (केबलला जोडून वायफाय देणारी पेटी) माजघरात लावायचा बेत होता, पण मोजल्यावर बदलला. वरच्या खोलीची जमीन म्हणजे लाकडी तक्तपोशी, आणि लाकूड दगडाच्या मानानं फारच कमी खातं. केबल जिन्यानं वर नेली आणि पॉइंट माजघर-स्वयंपाकघराच्या बरोबर माथ्यावर ठेवला. अँटेना आडव्या केल्या, कारण दांडीच्या अँटेनाचा सिग्नल तिच्याभोवती मेदूवड्यासारखा पसरतो आणि दांडीच्या टोकांच्या दिशेला जवळपास काहीच जात नाही. दांडी उभी असेल तर तोच मजला भरतो, आडवी केली की वर-खाली जातो. नुसत्या या बदलानं माजघरात सात डीबी वाढले. आता तिथे उणे ५३ आहेत आणि आयपर्फ या वेग मोजणाऱ्या साधनावर ३८० एमबीपीएसच्या आसपास वेग मिळतो. वरच्या दोन्ही खोल्या तर आपसूकच भरल्या.

चॅनेल: ५ गिगाहर्ट्झवर ८० मेगाहर्ट्झ रुंदी, खाली ओसरीत चॅनेल ३६ आणि वरच्या पॉइंटवर १४९, म्हणजे एकमेकांत लुडबूड नाही. २.४वर रुंदी २०च ठेवली, खाली १ आणि वर ११. गल्लीतल्या लॉजवाल्यांनी खोल्याखोल्यांत राउटर बसवलेत, २०२७च्या सिंहस्थापर्यंत आणखी वाढतील, त्यामुळे २.४वर आता फक्त दिवे, कॅमेरा आणि आईचा जुना फोन ठेवलाय.

नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे एकच आहे. तरी फोन ओसरीतल्या राउटरला चिकटून राहायचा, कारण राउटर बदलायचा की नाही हे शेवटी फोनच ठरवतो. ओसरीतल्या राउटरची ताकद सहा डीबीनं उतरवली आणि ओपनडब्ल्यूआरटी या राउटरच्या सॉफ्टवेअरमध्ये ८०२.११ (वायफायचं मानक) चे के, व्ही आणि आर हे फोनला एका पॉइंटवरून दुसऱ्यावर जायला मदत करणारे तिन्ही पर्याय चालू केले. आता फोनवर बोलत ओसरीतून जिन्यावर गेलं तरी कॉल तुटत नाही. आईचा जुना फोन मात्र 'आर' चालू असताना जोडलाच जाईना, त्यामुळे २.४वर ते बंद ठेवून तिचा फोन तिथे घेतलाय.

राहिलंय परसदार. तिथे २.४वर उणे ७८ मिळतात, मध्ये न्हाणीघर आणि पाण्याची टाकी आहे. स्वयंपाकघराच्या खिडकीतून केबल काढून बाहेरच्या पडवीत पावसाला टिकणारा पॉइंट लावायचा विचार आहे, वीज केबलमधूनच द्यायची. त्यासाठी नेटवर्कचा स्विच (केबली जोडायची पेटी) बदलून केबलमधून वीज देणारा घ्यावा लागेल. कुणी पडवीत असा पॉइंट एक पावसाळा चालवला असेल तर जॅकपाशी ओल येऊ नये म्हणून काय केलं ते जरूर कळवा.