तेलाच्या डब्यावरची तारीख

आमच्या परभणीच्या घरी पंधरा किलोचा तेलाचा डबा येतो. तो कधी उघडला आणि कधी संपला याची नोंद चौदा महिन्यांपूर्वीपर्यंत कुणीच ठेवत नव्हते. वजन ८१ किलो, उंची १५६ सेंटिमीटर, कंबर ९६ सेंटिमीटर आणि तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा ६.१ असा कागद घेऊन मी दवाखान्यातून परत आले, तेव्हा डॉक्टरांचे दोनच मुद्दे माझ्या डोक्यात होते. हा आकडा ५.७ ते ६.४ या दरम्यान असला तर माणूस मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभा असतो, हा पहिला. आणि वजन पाच ते दहा टक्क्यांनी जरी उतरले तरी साखर आणि रक्तदाब या दोन्हींना त्याचा उपयोग होतो, हा दुसरा. म्हणजे मला चार ते आठ किलो उतरवायचे होते. तेवढे जमेल असे वाटले आणि मी शाळेतून एक दिवसाची रजा घेऊन घरातला किराणा तपासायला बसले.

किराणा दुकानाच्या जुन्या बिलांवरून दिसले की एक डबा अडीच महिन्यांत संपतो. घरात माणसे चार. पंधरा किलो भागिले पंच्याहत्तर दिवस म्हणजे रोजचे २०० ग्रॅम, आणि माणशी ५० ग्रॅम. एक ग्रॅम तेलातून ९ कॅलरी मिळतात, म्हणजे ४५० कॅलरी मी रोज केवळ तेलातून घेत होते, आणि ती ऊर्जा साधारण दोन भाकरींएवढी होते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शिकेत २००० कॅलरींची जी दिवसभराची थाळी दिली आहे, तिच्यात तेल-तुपाचे प्रमाण २७ ग्रॅम आहे. आम्ही जवळजवळ दुप्पट खात होतो, आणि तरीही गेली दहा वर्षे मी सगळा दोष भातावर ठेवत आले होते.

आपल्या भागात करडईच्या तेलाबद्दल फार आपुलकी आहे आणि ती योग्यही आहे; पण करडईचे तेल चांगले म्हणून ते सढळ हाताने घातले तर चालते हा समज मात्र चुकीचा आहे. करडई, शेंगदाणा, सोयाबीन, सूर्यफूल, कोणतेही तेल घ्या, ग्रॅममागे ९ कॅलरी हा हिशेब बदलत नाही. मी छोटा वजनकाटा आणला आणि रोज सकाळी ११० ग्रॅम तेल एका स्टीलच्या वाटीत काढून ठेवू लागले. दिवसभरातली वरणाची फोडणी, दोन भाज्या, चटणी, पोळीला लावायचे बोट, सगळे त्या वाटीतूनच. पहिल्या आठवड्यात दुपारीच वाटी रिकामी होत असे. मग लक्षात आले की वांग्याची भाजी मी आधी तेलात तळून घेत होते आणि नंतर मसाला पुन्हा तेलात परतत होते. वांगी झाकण ठेवून वाफेवर शिजवली आणि शेवटी दोन चमचे तेलाची लसूण-मोहरीची फोडणी वरून दिली, तर तेलाचा वास आणि चव पहिल्या घासातच येते आणि निम्म्या तेलात भागते. शेंगदाण्याच्या कुटाचेही तसेच आहे. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांतून साडेपाचशेहून जास्त कॅलरी मिळतात आणि आपण प्रत्येक पालेभाजीत मूठभर कूट सहज टाकतो. मी मूठ सोडून चमचा धरला.

सासूबाईंना हे पटायला वेळ लागला. पहिल्याच दिवशी ताटाकडे पाहून त्या म्हणाल्या, "कामून गं एवढी कोरडी भाजी केलीस? तेल सरलं का?" मी उत्तर दिले नाही, कारण त्यांच्या प्रश्नामागे काय आहे ते मला माहीत आहे. १९७२ च्या दुष्काळात त्या सतरा वर्षांच्या होत्या, दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होत्या, आणि लाल मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या तांबड्या ज्वारीची, भाकरी व कामावर वाटली जाणारी सुकडी खाऊन त्यांनी ते वर्ष काढले होते. ज्या पिढीने कोरडे खाल्ले त्या पिढीसाठी भाजीवरचा तवंग हा घर सुस्थितीत असल्याचा पुरावा असतो. त्या काळातली माणसे सडपातळ होती याचे कौतुक आपण करतो तेव्हा हेही आठवले पाहिजे की त्यांना पोटभर मिळत नव्हते, आणि जात्यावरचे दळण, विहिरीचे पाणी, शेतातली खुरपणी हे सगळे त्याच शरीरावर पडत होते. आज पीठ गिरणीतून येते, पाणी नळाने येते, मी सहा तास खुर्चीवर किंवा फळ्यासमोर असते, आणि ताट मात्र खुरपणी करणाऱ्या बाईचे आहे. हे मी सासूबाईंना सावकाश सांगितले. "आई, तुमच्यासाठी वेगळी फोडणी देते," असेही म्हटले. दोन महिने त्यांनी वेगळी फोडणी घेतली, तिसऱ्या महिन्यात त्यांनी स्वतःच ती बंद केली.

भाकरीविषयी स्पष्ट लिहायला हवे, कारण शहरात स्थायिक झालेल्या आपल्या लोकांमध्ये "पोळी सोडा, ज्वारी खा, वजन उतरेल" असा सल्ला फार फिरतो. ज्वारी आणि गहू यांच्या पिठातल्या कॅलरी जवळजवळ सारख्याच आहेत. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे ३३५. ज्वारीचा खरा फायदा असा की तिच्यात दहा टक्क्यांच्या आसपास तंतुमय भाग असतो, भाकरीला तेल लावावे लागत नाही, आणि ती चावून खावी लागत असल्याने पोट भरल्याची जाणीव वेळेवर होते. मी अडीच भाकरींवरून दीड भाकरीवर आले आणि मोकळी झालेली जागा घट्ट वरण, मोड आलेली मटकी, तांदुळजा किंवा चुका आणि काकडी यांना दिली. आपल्याकडे तूर पिकते आणि तरी आपण वरण पातळ करून भाकरीची संख्या वाढवतो, हे मला आता खटकते. पोटभर प्रथिने मिळाली की दुपारी चार वाजताची ती भूक येत नाही, जी शिक्षककक्षातल्या फरसाणाकडे घेऊन जाते.

चहाचा हिशेब याहून सोपा होता. दिवसाला पाच कप, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे ५० ग्रॅम साखर आणि २०० कॅलरी. दर पंधरा दिवसांनी अर्धा चमचा कमी केला आणि कप दोनवर आणले.

उपवासाने मात्र मला खरोखर चकवले होते. दोन चतुर्थ्या, दोन एकादश्या आणि नवरात्राचे नऊ दिवस मी वर्षानुवर्षे करते, आणि त्या दिवशी आपण कमी खातो अशी माझी प्रामाणिक समजूत होती. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यात कूट, त्यात तूप, आणि सोबत बटाट्याची भाजी. नवरात्र संपल्यावर काटा दरवर्षी पुढे गेलेला असायचा. देवीवरची श्रद्धा मी कमी केलेली नाही, फक्त खिचडीऐवजी भगर आणि ताक, एखादे फळ, भरपूर काकडी एवढेच ठेवले. या वर्षी नऊ दिवसांत वजन वाढले नाही.

चालण्याबद्दल जागतिक आरोग्य संघटनेचे प्रमाण आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायामाचे आहे. माझी एक सहकारी शिक्षिका म्हणायची की दहा हजार पावले होत नाहीत तर निघायचेच कशाला. हा दहा हजारांचा आकडा कोणत्याही वैद्यकीय संशोधनातून आलेला नाही. १९६५ साली जपानमध्ये विकायला आलेल्या पावले मोजणाऱ्या यंत्राच्या नावात तो होता आणि तिथून जगभर पसरला. मी तिला तीस मिनिटांसाठी सोबत नेऊ लागले. कृषी विद्यापीठाच्या परिसरातले झाडांखालचे रस्ते पहाटे फार सुखाचे असतात, आणि साडीवर बूट घालून झपाझप चालणाऱ्या बायका तिथे इतक्या आहेत की सुरुवातीचा संकोच दुसऱ्याच दिवशी जातो. बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही, एवढा वेग ठेवायचा. मे महिन्यात पारा ४२ च्या पुढे जातो, तेव्हा पाच वाजता निघून सूर्य वर येण्याआधी परतायचे. ज्या दिवशी ते जमले नाही त्या दिवशी संध्याकाळी गच्चीवर चाललो, पण साखळी तुटू दिली नाही. उन्हाळ्यात सोडलेले चालणे पावसाळ्यात पुन्हा सुरू होत नाही, हे मी मागच्या तीन प्रयत्नांत पाहिले आहे.

त्या प्रयत्नांपैकी एकात मी जेवणाऐवजी घ्यायची महागडी पावडर आणली होती. दोन महिन्यांत चार किलो गेले आणि पुढच्या पाच महिन्यांत पाच परत आले. फार कमी खाऊन झपाट्याने उतरवलेल्या वजनात चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि स्नायू गेले की शरीर बसल्या जागी खर्च करते ती ऊर्जाही घटते. या वेळी चौदा महिन्यांत अकरा किलो उतरले आहेत, म्हणजे महिन्याला एक किलोसुद्धा नाही, आणि ते टिकले आहेत. साखरेचा आकडा आता ५.६ आहे. ज्यांना साखरेच्या गोळ्या सुरू आहेत त्यांनी मात्र जेवण कमी करण्याआधी डॉक्टरांशी जरूर बोलावे, कारण खाणे घटले आणि गोळीची मात्रा तीच राहिली तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते.

गेले तीन महिने काटा ७० वर थांबला आहे. शरीर हलके झाले की त्याची गरजही घटते, त्यामुळे पूर्वी वजन उतरवणारे ताट आता केवळ वजन टिकवते. म्हणून मी खुर्चीवरून हात न टेकता उठण्याबसण्याचे पंधरा पंधराचे तीन फेरे आणि भिंतीला हात लावून करायचे जोर सुरू केले आहेत. कंबर ८६ वर आली आहे. भारतीय स्त्रियांसाठी ती ८० च्या आत असावी असे मानतात, म्हणजे सहा सेंटिमीटर बाकी आहेत. मागचा डबा सणावारांचे तळण धरून सव्वाचार महिने पुरला. नवा परवा उघडला. सासूबाईंनी नातवाला पेन आणायला सांगून त्यावर तारीख लिहून घेतली.