मनगट जुळत असताना गंजक्या पिकअपचे ब्रेक: माझा अनुभव

'मागच्या चाकाचा निप्पल सैल करा.' निप्पल म्हणजे ब्रेकमधली हवा बाहेर काढायचा छोटा स्क्रू. ब्रेकच्या कामाच्या प्रत्येक माहितीत ही एक ओळ असते आणि लगेच पुढची पायरी सुरू होते. ती ओळ पार करायला मला अकरा दिवस लागले. गाडी वीस वर्षांच्या पुढची, चासीवर गंजाचे पापुद्रे, आणि माझा उजवा हात सहा आठवड्यांच्या प्लास्टरमधून नुकताच सुटलेला. बाकीचं सगळं काम मिळून दीड दिवसाचं होतं. ते सगळीकडे लिहिलेलं सापडतं, म्हणून इथे अडलेल्या भागाबद्दलच जास्त लिहितोय.

आधी हाताचं. प्लास्टर निघाल्यावर हाड धरलेलं असतं, पण पकड गेलेली असते आणि मनगट फिरवायला सगळ्यात जास्त त्रास होतो. स्क्रूड्रायव्हर पिळण्याची हालचाल मला जमतच नव्हती, सरळ ओढणं मात्र जमायचं. डॉक्टरांना नुसतं 'काम करू का' असं विचारू नका. पाना ओढणं, हातोडी मारणं, वजन उचलणं असं एकेक करून विचारा. मला मनगटाला आधाराचा पट्टा लावून हलकं ओढायला परवानगी होती; उचलायला आणि ठोकायला नव्हती. हातोडी डाव्या हाताने. ग्राइंडर दोन्ही हातांनी घट्ट धरावा लागतो आणि पट्ट्याची वादी त्यात अडकू शकते, त्यामुळे ते काम दुसऱ्याकडून करून घेतलं. इम्पॅक्ट गनचा, म्हणजे ठोके देत नट सोडवणाऱ्या यंत्राचा, झटका थेट मनगटात येतो, ती लांबच ठेवली. आणि झोप आणणारी वेदनाशामक गोळी घेतली असेल त्या दिवशी गाडीखाली जायचंच नाही.

जखमी हाताला धोका जोर लावताना नसतो, नट एकदम सुटतो त्या क्षणी असतो. हात झटक्यात पुढे जातो आणि चासीवर आपटतो. म्हणून पाना मुठीत आवळायचा नाही, उघड्या तळव्याने ढकलायचा, आणि हात जाईल त्या वाटेवर काही नाही हे आधी बघून घ्यायचं. लांब दांडा वापरायचा. २०० मिलिमीटरच्या पान्याऐवजी ६०० चा घेतला तर तोच नट एक तृतीयांश जोरात फिरतो. चाकांच्या नटांसाठी मला हे पुरलं.

चाक पायाने चढवा. टायरसकट २५ किलोच्या आसपास वजन असतं. जमिनीवर बसून टायरखाली पहार घालायची, पायाने दाबून चाक स्टडच्या (चाक अडकतं त्या बोल्टच्या) उंचीला आणायचं, हाताने फक्त तोल सांभाळायचा.

घोड्या, म्हणजे उचललेल्या गाडीला टेकू देणारे स्टँड, मागच्या अॅक्सलच्या नळीखाली लावल्या, चासीखाली नाही. गंजलेल्या चासीवर हातोडीने हलकं ठोकून बघा. ठणठणीत आवाज आला तर पत्रा शाबूत आहे. बोदा, भदभद आवाज आला तर आतून खाल्लेला आहे आणि घोडी त्यातून वर घुसू शकते. अॅक्सलखाली घोडी लावण्याचा दुसरा फायदा मला नंतर कळला. बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या ब्रेकचा दाब गाडीतल्या भाराप्रमाणे कमीजास्त करणारा व्हॉल्व्ह असतो. अॅक्सल लोंबकळत ठेवला तर त्याला गाडी रिकामी वाटते, तो दाब अडवतो आणि मागच्या ब्रेकमधली हवा नीट निघत नाही. मागची चाकं उचलल्यावर बहुतेक गाड्यांमध्ये हँडब्रेकचा काही उपयोग राहत नाही, त्यामुळे पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी पाचर हवीच. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली शरीराचा कुठलाही भाग जाऊ देऊ नका.

ड्रम, म्हणजे ब्रेकवरचं गोल झाकण, मधल्या हबला गंजाने चिकटला होता. हँडब्रेक पूर्ण सोडला, मागच्या प्लेटमधल्या फटीतून अॅडजस्टर (ब्रेक आणि ड्रममधलं अंतर ठरवणारा स्क्रू) सैल केला, हबच्या कडेने तेल सोडलं. ड्रमवर आटे पाडलेली दोन भोकं असतात, बहुतेक ८ मिलिमीटरच्या बोल्टची. त्यांत दोन बोल्ट घालून आळीपाळीने अर्धा अर्धा आटा पिळला की ड्रम बाहेर येतो. आतली धूळ हवेने उडवायची नाही, ओली करून पुसायची. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं.

आता निप्पल.

निप्पल हा पोकळ स्क्रू असतो. मधून बारीक भोक, तळाशी आडवं भोक, आणि टोकाचा शंकू व्हील सिलिंडरच्या, म्हणजे चाकातल्या ब्रेकला तेलाच्या दाबाने ढकलणाऱ्या सिलिंडरच्या, बैठकीवर बसून तेल अडवतो. वरची रबरी टोपी हरवली की पाणी आत उतरतं, आट्यांमध्ये गंज फुगतो आणि स्क्रू बिडाच्या सिलिंडरशी एकजीव होतो. जोर लावला की आटे सुटत नाहीत, षटकोनाच्या खाली मान तुटते.

माझ्या निप्पलवर टोपी नव्हती. पहिल्या संध्याकाळी तारेच्या ब्रशने मुळाशी घासून गंज सोडवणारं तेल टाकलं. रोज सकाळ-संध्याकाळ तेल, आणि प्रत्येक वेळी सिलिंडरच्या अंगावर हातोडीने वीस-पंचवीस टिचक्या. जोरात नाही, नुसत्या कंपनानेही गंजाला बारीक भेगा पडतात आणि तेलाला आत जायला वाट मिळते. तिसऱ्या दिवशी सहा कोनी सॉकेट लावून आधी घट्ट करायच्या दिशेने किंचित दाबलं. हे नेहमी करा. गंजाची पकड कुठल्याही दिशेला मोडली तरी चालते. बारा कोनी सॉकेट अशा नटाचे कोपरे खाऊन टाकतो. निप्पलच्या भोकात घट्ट बसेल असा ड्रिल बिटचा गुळगुळीत दांडा घालून ठेवला, म्हणजे पोकळ मान चेपत नाही. हलला नाही.

मग उष्णता. ब्रेक क्लीनरमध्ये क्लोरीन असलेलं द्रावण असेल आणि त्याचा ओलावा राहिला असेल, तर आचेने विषारी वायू तयार होतो. ब्रेक ऑइलही पेट घेतं. म्हणून सगळं पुसून, सुकवून, रबरी भाग लांब ठेवून, सिलिंडर टाकायचाच आहे असं ठरवल्यावरच आच द्यायची. निप्पल नाही, भोवतालचं बीड तापवायचं, म्हणजे भोक प्रसरण पावतं. गरम असतानाच मुळाशी मेणबत्ती टेकवली की मेण वितळून आट्यांत ओढलं जातं. दोनदा केलं. दुसऱ्यांदा पाना मऊपणे फिरला आणि मला वाटलं सुटला. फिरली होती ती फक्त मान. बारीक 'टक' आवाज झाला आणि षटकोन सॉकेटमध्येच राहिला.

इथे माझा संताप आणि माझी चूक एकच. चार दिवस मी एक स्क्रू वाचवत बसलो. त्याच्यासकट आख्खा व्हील सिलिंडर नवा मिळतो, आणि नव्या सिलिंडरला नवा निप्पल बसवलेलाच येतो. तुटलेल्या स्क्रूत एक्स्ट्रॅक्टर घालायच्या फंदात पडू नका. तो कडक पोलादाचा असतो, आत मोडला तर साध्या ड्रिलने कोरताही येत नाही. इतक्या जुन्या गाडीत निप्पलला हात लावण्यापूर्वीच सिलिंडर मागवून ठेवा, आणि दोन्ही बाजूंचे मागवा.

सिलिंडर काढायला मागून येणाऱ्या ब्रेक पाइपचा नट सोडवावा लागतो. तो नट पाइपवरच गंजून धरला होता. नट फिरवला की पाइपही पिळला जायचा, आणि पिळलेला पाइप बाद. तो अॅक्सलवरच्या टी-जोडापर्यंत जातो, टी-जोडात चासीकडून रबरी होज येते, उजवीकडचा पाइपही तिथूनच निघतो. एका निप्पलमुळे दोन सिलिंडर, दोन पाइप, टी-जोड आणि होज एवढं सगळं बदलायला आलं. पुढचे सात दिवस बहुतेक सामानाची वाट बघण्यात गेले. हे आधी कुणी सांगितलं असतं तर पहिल्याच दिवशी सगळं मागवलं असतं. गंजक्या गाडीत सुटा भाग मागवू नका, पुढचा शाबूत जोड सापडेपर्यंतची सगळी साखळी मागवा.

अशा पाइपला वाचवायला न जाता नटाच्या तोंडाशी कापून टाका. कापल्यावर नटावर पूर्ण सहा कोनी सॉकेट बसतो, आणि तोच नट पाच मिनिटांत येतो. होजच्या चासीकडच्या टोकाला मात्र ज्या पाइपला नट आहे तो ठेवायचा होता. तिथे क्लिप काढली, होजचं टोक ब्रॅकेटमधून मोकळं केलं, होज कापली, नट फ्लेअर पान्याने (पाइपच्या नटाला जवळजवळ सगळीकडून धरणाऱ्या पान्याने) स्थिर धरला आणि होजचं टोक फिरवलं. पाइप जागचा हललाही नाही. या एका जोडाचं समाधान अजून टिकून आहे.

पाइप उघडण्यापूर्वी ब्रेक पेडल थोडं दाबून काठीने सीटला टेकवून ठेवा. मास्टर सिलिंडरमधली, म्हणजे पेडलने चालणाऱ्या मुख्य सिलिंडरमधली, बारीक भोकं झाकली जातात आणि वरची टाकी ठिबकून रिकामी होत नाही. ब्रेक दिवे पेटलेले राहतात, म्हणून बॅटरीची निगेटिव्ह तार काढा.

नवा पाइप तांबे-निकेल मिश्रधातूचा घेतला, ४.७५ मिलिमीटर बाहेरचा व्यास. तो गंजत नाही आणि हाताने वळतो, अशक्त मनगटाला हे फार सोयीचं. शुद्ध तांब्याची नळी ब्रेकला लावू नका, कंपनाने कडक होऊन तडकते. पाण्याच्या नळाला लावतात तसले कडीचे जोडही इथे चालत नाहीत. जोरात ब्रेक दाबल्यावर आतला दाब ७० बारच्या पुढे जातो.

जुन्या पाइपच्या वळणांवरून तार फिरवून लांबी घेतली आणि फ्लेअरसाठी, म्हणजे जोडात घट्ट बसायला टोक पसरवण्यासाठी, दोन्ही टोकांना थोडी जास्त ठेवली. पाइप कटरनेच कापायचा, करवतीने कापला तर टोक तिरकं होतं. आतली-बाहेरची खरड काढायची. नट आधी ओवायचा, तोही योग्य दिशेने. मी एक टोक नट न ओवताच फ्लेअर करून बसलो आणि ते कापून पुन्हा केलं. जुन्या पाइपचं टोक नीट बघा. फनेलसारखं आत वळलेलं असेल तर डबल फ्लेअर, बाहेर फुगीर असेल तर बबल फ्लेअर. दोन्ही एकमेकांच्या जागी बसवले तर गळतात. हातात धरून पिळायचा फ्लेअर संच माझ्या हाताला जमला नाही. व्हाइसमध्ये आवळलेल्या संचाने जमलं. कड एकसारखी, मध्यावर आणि बिनतड्याची हवी. शंका आली तर कापून पुन्हा करा.

हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात केली. मदतनीस नसेल तर निप्पल पाव आटा उघडा, पारदर्शक नळीचं टोक ऑइल असलेल्या बाटलीत बुडवा आणि नुसतं ठिबकू द्या. वेळ लागतो, पण हाताला काहीच त्रास नाही. वरची टाकी मात्र सतत भरत राहायचं. टाकीवर ऑइलचा प्रकार डॉट ३ किंवा डॉट ४ जो लिहिला असेल तेच, नव्या सीलबंद डब्यातलं. हे ऑइल हवेतला ओलावा शोषतं, रंग उडवतं आणि पट्ट्यात मुरलं तर कातडी जळजळते. पट्ट्यावर लांब हातमोजा घाला.

पेडल दाबून हवा काढायचं ठरवलं तर पेडलखाली लाकडी ठोकळा ठेवा. जुन्या मास्टर सिलिंडरच्या तळाकडचा भाग वर्षानुवर्षं न वापरलेला, गंजलेला असतो. पेडल पूर्ण खाली गेलं तर रबरी सील तिथे घासून फाटतं.

शेवटी एकाला पेडल जोरात मिनिटभर दाबून धरायला सांगितलं आणि प्रत्येक जोडावर कोरडा टिश्यू कागद टेकवला. टी-जोडाच्या उजव्या नटावर कागदाला मोहरीएवढा डाग आला. नट सैल करून पुन्हा बसवला, आवळला, नवा कागद टेकवला. कोरडा निघाला. नव्या निप्पलच्या वरच्या आट्यांना तांब्याचं ग्रीस लावलं, टोकाच्या शंकूला नाही, आणि दोन्ही निप्पलवर रबरी टोप्या बसवल्या.