टाईलच्या आधी भिंत बघा

जुन्या फ्लॅटच्या बाथरूमला टाईल लावताना डिझाईनवर आठवडा जातो आणि भिंतीकडे कुणी बघत नाही. खरं दुखणं तिथेच असतं. 2 मीटरची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी भिंतीवर उभी, आडवी, तिरकी धरा आणि बाजूने टॉर्च मारा. पट्टीखालून उजेड दिसेल तिथे पेन्सिलीने खूण करा. मग भिंत उभी सरळ आहे का ते बघायला ओळंबा (दोरीला बांधलेलं वजन) सोडा, कोपरे काटकोनात आहेत का ते बघायला गुण्या लावा.

3 मिमीपर्यंतची फट टाईल चिकटवायचं अ‍ॅडहेसिव्ह सांभाळून घेतं. त्याहून जास्त असेल तर आधी गिलावाच. भिंतीला टाचे (छिन्नीने छोट्या खाचा) मारायचे, ती भिजवायची, मसाल्याचे ठिय्ये (गिलाव्याची जाडी ठरवणारे छोटे ठोकळे) ओळंब्यात लावायचे आणि मधली जागा 1:4 मसाल्याने (1 भाग सिमेंट, 4 भाग वाळू) भरून पट्टी ओढायची. एका थरात 15 मिमीपेक्षा जाड नको, माल ओघळतो. पुढे सात दिवस पाणी. इथली घाई फार महागात पडते.

खड्डा अ‍ॅडहेसिव्हनेच भरू देऊ नका, कृपया! जाड थर सुकताना आकसतो, टाईल आत ओढली जाते आणि काल सपाट असलेल्या सांध्यावर आज नख अडकतं. टाईलच्या मागे मसाल्याचे पाच गोळे ठेवून दाबणं त्याहून वाईट. टिचकी मारली की गोळ्यांच्या मधल्या जागी पोकळ वाजतं, आणि हुकसाठी ड्रिल केलं की टाईल नेमकी तिथेच तडकते. त्यापेक्षा अ‍ॅडहेसिव्ह टाईलखालच्या पूर्ण जागेवर पसरा आणि दातेरी थापीने त्यात एकाच दिशेने रेघा ओढा.

भिंत फारच वाकडी असेल तर 600×1200 मिमीच्या मोठ्या टाईलचा हट्ट सोडा. 300×450 ची टाईल अशा भिंतीवर कमी त्रास देते.