आलवण आणि पाण्याचा तांब्या

१८९० च्या दशकातल्या कोकणात, एका ब्राह्मण घरात घडणाऱ्या एका नव्या नाटकाची वेशभूषा माझ्याकडे होती. नाटकात दोन सख्ख्या बहिणी आहेत. दोघीही लहानपणीच विधवा झालेल्या. थोरलीने पुढे पुनर्विवाह केला आणि धाकटी केशवपन होऊन माहेरीच राहिली. लेखकाने पात्रे काल्पनिक ठेवली असली, तरी त्यांच्यामागचा काळ खरा आहे. धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये विधवा असलेल्या गोदूबाईंशी, म्हणजेच पुढच्या आनंदीबाईंशी, विवाह केला, तेव्हा मुरूडच्या गावकऱ्यांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. गोदूबाईंच्या सख्ख्या भगिनी पार्वतीबाई आठवले याही विधवा होत्या, केशवपन केलेल्या होत्या, आणि पुढे कर्व्यांच्याच हिंगण्याच्या संस्थेसाठी त्यांनी आयुष्य वेचले. एका बहिणीने कुंकू पुन्हा लावले, दुसरीने आलवणातच, म्हणजे केशवपन केलेल्या विधवेच्या तांबड्या वस्त्रातच, कामाला सुरुवात केली, आणि तरीही दोघी एकमेकींना अंतरल्या नाहीत, हे मला त्या काळातल्या कितीतरी गाजलेल्या वादांपेक्षा मोठे वाटते.

आमच्या नाटकातला दुसरा अंक अशाच एका भेटीवर उभा आहे. पुनर्विवाहानंतर थोरली पहिल्यांदाच माहेरी येते, तीही दिवेलागणीला, मागील दाराने. संहितेत असे लिहिले होते की धाकटी माजघरातून धावत येते, बहिणीला मिठी मारते आणि समाजाने दोघींवर केलेल्या अन्यायाबद्दल एक लांबलचक, आवेशपूर्ण भाषण करते. साध्या तालमींमध्ये हा प्रवेश चांगलाच रंगत असे, कारण तेव्हा दोन्ही अभिनेत्री सलवार-कुर्त्यात असत.

रंगीत तालमीच्या दिवशी धाकटीचे काम करणारी अभिनेत्री पहिल्यांदा आलवणात उभी राहिली. तांबडे, जाडसर आलवण मी अनेकदा धुवून मुद्दाम विटवून घेतले होते. केशवपन केलेल्या विधवेला चोळी घालण्याची मुभा नव्हती. तेच एक वस्त्र अंगाभोवती आणि डोक्यावरून घेऊन तिला दिवसभर वावरावे लागे. रंगमंचाची सोय म्हणून मी आत त्वचेच्या रंगाचा बिनबाह्यांचा ब्लाउज दिला होता आणि रंगभूषाकाराने टकलाची टोपी बसवली होती, पण पदर मात्र मी कुठेही अडकवला नव्हता. प्रवेश सुरू झाला, ती धावली, आणि तिसऱ्या पावलाला पदर डोक्यावरून घसरला. तिचा डावा हात आपोआप गळ्याशी गेला, उजवा हात बहिणीकडे अर्धवट पुढे झाला, आणि ती तिथेच थांबली. पुन्हा प्रयत्न केला, तेव्हाही तेच घडले.

दिग्दर्शकांनी खालून सांगितले, “ताई, दोन पिना मारून द्या, म्हणजे प्रश्न मिटेल.”

पिना माझ्या कमरेच्या बटव्यातच होत्या, आणि खरोखरच अर्ध्या मिनिटाचे काम होते. परंतु ती अभिनेत्री त्याच अवस्थेत, हात गळ्याशी धरून, माझ्याकडे वळून म्हणाली, “मला हातच मोकळा नाहीये. या बाईला कधीच दोन्ही हात मोकळे नसणार ना?” त्या वाक्यानंतर मी पिन लावायला नकार दिला. मी एरवी दिग्दर्शकाच्या शब्दाबाहेर जात नाही, पण जुन्या काळच्या स्त्रीची अडचण आपल्या सोयीसाठी टाचणीने नाहीशी करायची आणि नंतर तिच्या तोंडी तिच्या अडचणींवर भाषण द्यायचे, हे मला मान्य होण्यासारखे नव्हते.

तालीम थांबली आणि आम्ही सगळे रंगमंचावरच बसलो. दिग्दर्शकांचा आक्षेप रास्त होता. त्या काळच्या बायका मुक्या होत्या असे दाखवायचे का, असे त्यांनी विचारले. मुळीच नाही. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये, सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेच्या खटल्याच्या निमित्ताने उठलेल्या गदारोळाला उत्तर म्हणून ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिली, आणि त्या पुस्तकातले शब्द आमच्या संहितेतल्या भाषणापेक्षा कितीतरी धारदार आहेत. त्याच वर्षी पंडिता रमाबाईंनी पुण्यात आर्य महिला समाज स्थापन केला. बायका बोलत होत्या, लिहीत होत्या, सभा भरवत होत्या. आमची धाकटी मात्र सभेत उभी नाही, ती आईच्या माजघरात उभी आहे, आणि पुढच्या खोलीत वडील, काका आणि गावातले दोन गृहस्थ बसलेले आहेत. तिने आवाज चढवला तर थोरली घरात आल्याचे उघड होईल. ते भाषण केवळ अशक्य होते असे नाही. ते तिने केले असते तर तिनेच बहिणीला पकडून दिले असते.

मिठीचेही तसेच होते. विधवाविवाह १८५६ च्या कायद्याने वैध झाला होता, पण त्या कायद्याने ग्रामण्य, म्हणजे जातीने वाळीत टाकणे, थांबत नव्हते. वाळीत टाकलेल्या घराशी अन्नपाण्याचा व्यवहार ठेवणाऱ्यावरही बहिष्काराची पाळी येई. केशवपन केलेल्या विधवेला घरात जी काही जागा होती, ती सोवळ्यातल्या स्वयंपाकामुळे होती. केस राखलेल्या विधवेच्या हातचे पाणीही कित्येक घरांत चालत नसे. म्हणजे धाकटीने केस दिले, चोळी दिली, आणि त्याच्या बदल्यात तिला चूल मिळाली. बहिणीला स्पर्श केल्याचे आईने पाहिले असते, तर ती चूलही गेली असती. संहितेत आई दुष्ट रंगवली होती, आणि ते मला सुरुवातीपासून खटकत होते. रमाबाई रानडे यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे की त्यांच्या शिकण्याला घरातल्या वडीलधाऱ्या बायकांचाच कडवा विरोध होता. त्या बायकांना स्वतःची अशी दुसरी सत्ताच नव्हती. घराचे सोवळे राखणे एवढाच अधिकार त्यांच्या वाट्याला आला होता, आणि तो त्यांनी दुसऱ्या बायकांवरच चालवला.

“मग या बहिणींनी भेटायचे तरी कसे?” थोरलीचे काम करणाऱ्या अभिनेत्रीने विचारले. तिच्या आवाजात चीड होती, आणि ती चीड मला आवडली.

उत्तर आमच्यापैकी कुणी बसून शोधले नाही. ते उभे राहून करून पाहताना सापडले. दोघी उंबरठ्याच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या. आलवणातल्या हाताने पदर धरायचाच आहे, मग दुसरा हात काय करू शकतो, हे आम्ही पाहत गेलो. रंगमंचावर पाण्याचा घडा आणि तांब्या आधीपासूनच होते. धाकटीने उजव्या हाताने तांब्या भरून घेतला, थोरलीने ओंजळ पुढे केली, आणि धाकटीने वरून पाणी वाढले. हाताला हात लागला नाही. ती पाणी पीत असताना धाकटीचे सगळे लक्ष पुढच्या खोलीच्या दाराकडे होते. तांब्या रिकामा झाल्यावर तिने तो पुन्हा भरला, आणि थोरलीने न मागता दुसऱ्यांदा ओंजळ धरली. आता बहिणीला तहान लागलेली नाही, हे दोघींनाही ठाऊक होते.

लेखक समोर बसले होते. त्यांनी भाषणाचे पान काढून टाकले, पण एक अडचण नेमकी ओळखली: वाळीत टाकलेल्या बहिणीला पाणी देणे हा त्या घरात केवढा गुन्हा होता, हे आजच्या प्रेक्षकाला आपोआप कळणार नाही. म्हणून त्यांनी पहिल्या अंकात आईच्या तोंडी एक साधे वाक्य घातले, “ती दारात आली तर पाण्याचा थेंबही द्यायचा नाही, सांगून ठेवते,” आणि आईचे काम करणाऱ्या ज्येष्ठ अभिनेत्रीने ते मुळीच न रागावता, घाबरलेल्या आवाजात म्हटले. त्या एका स्वराने आईचे दुष्टपणही गेले. प्रकाशयोजना बदलावी लागली, कारण उजेड आता चेहऱ्यांइतकाच ओंजळीवर हवा होता. मला थोरलीच्या हिरव्या बांगड्या कमी कराव्या लागल्या. चोरून येणारी बाई त्या वाजू देणार नाही, हे त्या अभिनेत्रीनेच सुचवले. धाकटीने उरलेल्या सगळ्या तालमींसाठी आलवण मागून घेतले, आणि त्यानंतर त्या वस्त्राला मी एकही पिन लावली नाही.