'चिव्ही' : डोंगराच्या नावातून निघालेला पाठलाग

इंग्रजीत 'चिव्ही' असे एक क्रियापद आहे. एखाद्याच्या सतत मागे लागून त्याच्याकडून काम करवून घेणे, हा त्याचा आजचा अर्थ. एकोणिसाव्या शतकात मात्र ते 'चेव्ही' असेही लिहीत आणि त्याचा अर्थ पाठलाग करणे, पिटाळत नेणे असा सरळ होता. त्याहीआधी ती शिकाऱ्यांची आरोळी होती. मला हा शब्द फार मोलाचा वाटतो, कारण कोशकारांच्या मते त्याच्या मुळाशी बहुधा एक पोवाडा आहे.

इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्या सीमेवर चेव्हियट नावाची डोंगररांग आहे. 'चेव्ही चेस' हे जुने लोकगीत तिथलेच. स्कॉटलंडचा सरदार डग्लस याला न जुमानता त्या डोंगरांत शिकार करण्याची शपथ नॉर्थंबरलंडचा इंग्रज सरदार पर्सी घेतो. हरणे पडतात, डग्लस सैन्यानिशी समोर उभा ठाकतो आणि शिकारीच्या रानाचे रणांगण होते. गीतात दोघेही धारातीर्थी पडतात. ज्या १३८८च्या ऑटरबर्नच्या लढाईशी या गीताचा संबंध जोडला जातो, तिच्यात मात्र डग्लस मारला गेला आणि पर्सी कैद झाला. सोळाव्या शतकात इंग्रज कवी सर फिलिप सिडनी यांनी, पर्सी-डग्लसचे हे गाणे ऐकताना आपले मन रणशिंगापेक्षाही अधिक हेलावते, असे लिहून ठेवले. तेही एखाद्या आंधळ्या गवयाच्या खरखरीत आवाजात ऐकून. असे गीत तोंडोतोंडी झाल्यावर त्याचे नावच शिकारीची हाक बनले, तर नवल नाही.

खरी गंमत पुढे आहे. या नावातला 'चेव्ही' म्हणजे चेव्हियट आणि 'चेस' म्हणजे सरदाराच्या ताब्यातले, कुंपण नसलेले शिकारीचे रान. इंग्लंडमधल्या 'कॅनक चेस' या ठिकाणाच्या नावात तो अर्थ अजून टिकून आहे. तोच शब्द पाठलागालाही वापरतात. लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आलेल्या या शब्दाचा 'कॅच' हा सख्खा भाऊ, फक्त तो उत्तर फ्रान्सच्या बोलीतून आला. तरीही आरोळीतून पाठलागाचा हा शब्द गळाला आणि डोंगराच्या नावाने त्याचा अर्थ उचलला.

मराठीत 'चिव्ही'च्या आजच्या अर्थाला अगदी जवळचा शब्द 'ससेमिरा', आणि तोही कथेतूनच आलेला. शिकारीला गेलेला राजपुत्र झाडावर आसरा देणाऱ्या अस्वलाचा विश्वासघात करतो आणि भ्रमिष्ट होऊन 'ससेमिरा' एवढेच बडबडत सुटतो. ती चार अक्षरे म्हणजे त्याला बरे करणाऱ्या चार श्लोकांची आद्याक्षरे.