परसात मातीची चूल घातली : माझा अनुभव

आमचं साताऱ्याकडचं घर जुनं आहे, आत गॅस आहेच, पण परसात एक मातीची चूल हवी असं मला केव्हापासून वाटत होतं. बाजरीच्या भाकरी, थंडीत आंघोळीचं पाणी आणि संध्याकाळी सगळ्यांनी बाहेर बसून शेकणं, सगळंच तिच्यावर व्हावं म्हणून. आत धूर कोंडून बायकांच्या डोळ्यांचं आणि छातीचं काय होतं ते पाहिलंय, त्यामुळे चूल उघड्यावरच हे नक्की होतं.

आधी तयार मिळते का बघितलं. बाजारातल्या उचलून नेता येतात पण भिंत पातळ, मोठं पातेलं ठेवलं की डुगडुगतात, ऑनलाइन काही सिमेंटच्या दिसल्या पण सिमेंटला आच लागत राहिली की पोपडे सुटतात. शेवटी शेजारच्या आक्कांकडे गेले, त्यांच्या घरच्या चुली त्यांनी स्वतःच घातल्यात.

आक्कांचा पहिला प्रश्न, माती कुठली आणणार? आमच्याकडे रानात सगळी काळी. त्या म्हणाल्या, "काळी न्हाई चालायची बाय, पान्यानं फुगती आन वाळली की उलती." उन्हाळ्यात रानाला भेगा पडतात त्या ह्याच्यामुळेच. चुलीला गावठाणातली पांढरी माती लागते, जुन्या वाड्यांच्या भिंतींना आणि धाब्याला, म्हणजे मातीच्या सपाट छताला, वापरायचे ती, नाहीतर वारुळाची. एका पडक्या भिंतीची माती मालकांना विचारून आणली, चाळली, रात्रभर भिजत घातली आणि गव्हाचं भुसकट अन शेण टाकून पायानं तुडवली. भुसकट माती धरून ठेवतं म्हणून तडे कमी जातात. आक्कांनी आधी मातीचा एक लाडू वळून सावलीत वाळवायला लावला, त्याला भेग पडली असती तर आणखी भुसकट घालायचं होतं.

मग सपाट दगडांचा ओटा केला आणि त्यावर चूल. भिंत साधारण 4 इंच जाड, उंची 9 इंच, तोंड एका बाजूला. वरच्या काठावर तीन उंचवटे ठेवायचे, भांडं त्यांच्यावर बसतं आणि खालच्या फटींतून जाळ अन धूर बाहेर पडतो, ते नसले तर भांडं काठाला चिकटून बसतं आणि आग गुदमरते. शेजारी वैल केला, म्हणजे जोडून दुसरी छोटी चूल, मधल्या भिंतीतून जाळ जायला बोगदा काढून, म्हणजे इकडे भाकरी चालू असताना तिकडे आमटी उकळत राहते, वेगळं सरपण लागत नाही. मला सगळ्यात आवडलेला भाग हाच, किती साधी आणि हुशार सोय आहे! हे वर्षानुवर्षं बायका करत आल्या आणि कुणी त्याला कारागिरी म्हटलं नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

वाळवायला घाई अजिबात नको. वरून पत्रा होता त्यामुळे थेट ऊन लागलं नाही, बाहेरून पटकन सुकलं अन आतून ओलं राहिलं की चीर जाते. तरी केसासारख्या बारीक भेगा आल्याच, त्या पातळ शेणकाल्यानं रोज बुजवल्या. पूर्ण सुकल्यावर आधी नुसत्या काटक्यांचा छोटा जाळ, दुसऱ्या दिवशी थोडा मोठा, असं करत मग हळदकुंकू लावून दूध तापवलं.

आता जळणाला वाळलेली बाभूळ वापरतो, तिचे निखारे खूप वेळ टिकतात. भाकरी तव्यावर झाली की तोंडाशी निखारे ओढून त्यांच्यासमोर उभी करायची, काय टम्म फुगते! स्वयंपाक झाल्यावर त्याच निखाऱ्यांवर दोन लाकडं टाकून आम्ही सगळे बसतो.

आठवड्यातून एकदा सारवावी लागते, आणि आग विझवायला तापलेल्या चुलीवर पाणी ओतू नका, लाकडं ओढून बाजूला करा. पावसाळ्यात वर पत्रा हवाच, वळचणीचं पाणीही ओट्याकडे येता कामा नये. तुम्हाला घालायची असेल तर माती पावसाच्या आधीच आणून कोरड्या जागी ठेवा, एकदा चिखल झाला की चाळता येत नाही.